मिरीचं ताट वेगळं

नाशिकची द्राक्षं आणि नाशिकचा कांदा जगभर जातात, आणि कुत्र्याच्या पोटात नेमक्या याच दोन गोष्टी जाऊ द्यायच्या नसतात. दुसऱ्या गावात पिल्लू आणणाऱ्याला ही नावं एखाद्या यादीत वाचायला मिळत असतील. आमच्याकडे ती दाराशी येऊन पडतात. जानेवारी उजाडला की कुणी ना कुणी द्राक्षाची पेटी आणून देतं, बेदाण्याचा डबा बारा महिने हाताशी असतो, आणि कांदा आम्ही किलोवर घेत नाही, गोणीवर घेतो.

मिरी, आमची कुत्री, आली तीसुद्धा कांद्याच्या चाळीखालून. निफाड तालुक्यात माझ्या चुलत दिरांची शेती आहे. कांदा साठवायची ही चाळ जमिनीपासून उंचावर बांधलेली, खालून वारं खेळतं, आणि त्या गारव्यात त्यांची गावठी कुत्री व्यायली. पिल्लं डोळे उघडल्यापासूनच लोक उचलून न्यायला लागतात. भाऊजींना मी आधीच सांगून ठेवलं होतं की आठ आठवडे पुरे झाल्याशिवाय काळं पिल्लू कुणाला द्यायचं नाही आणि आम्हीही नेणार नाही. भावंडांशी मस्ती करताना किती जोरात चावलं की समोरचा केकाटतो, हे पिल्लू त्याच दिवसांत शिकतं. आपण नंतर ते शिकवायला बसलो तर आपल्या हातांवर ओरखडे उठतात.

इंदिरानगरात फ्लॅटमध्ये आणल्यावर पहिलं काम दवाखान्याचं. जंताचं औषध आणि लसी हा भाग सरळ आहे, डॉक्टर कार्डावर तारखा लिहून देतात, आपण फक्त त्या पाळायच्या. पहिली लस ६ ते ८ आठवड्यांच्या वयात, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं १६ आठवड्यांपर्यंत, आणि रेबीजची तीन महिन्यांनंतर. ते कार्ड जपून ठेवा. महापालिकेत नोंदणी करताना लागतं, आणि पुढं एखाद्या कॅफेच्या दारातही विचारतात.

पेच लसींमध्ये नाही, लसींच्या मधल्या दिवसांत आहे. पार्वो या जीवघेण्या उलट्या-जुलाबांच्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, त्यामुळं लसी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर खाली सोडायचं नाही. आणि दुसरीकडे, जगाची ओळख करून घेण्याचं पिल्लाचं वय साधारण चौदा-सोळा आठवड्यांतच सरतं. तोवर कुकरच्या शिट्ट्या, रिक्षा, हेल्मेट घातलेली माणसं, शाळा सुटल्यावरचा गोंगाट हे सगळं कानावर आणि डोळ्यांवर पडलेलं नसेल तर पुढं ते बुजतं. आमच्या डॉक्टरांचं म्हणणं, कडेवर घेऊन फिरवा. मग मी जुन्या ओढणीची झोळी केली आणि संध्याकाळी मिरीला गळ्यात अडकवून हिंडायला लागले. जॉगिंग ट्रॅकच्या फाटकाशी उभं राहायचं, पाथर्डी फाट्याच्या चौकात बाकावर बसायचं, वडापावच्या गाडीपासून जरा लांब थांबून तळणाचा वास तिच्या नाकापर्यंत येऊ द्यायचा. हातात पोह्यांच्या डब्यातले चिकनचे बारीक तुकडे. गाडीवाला कढईत झारा आपटायचा, मिरी दचकायची, मी एक तुकडा द्यायचे. काही दिवसांनी झारा वाजला की ती दचकायच्या ऐवजी माझ्या हाताकडे बघायला लागली. लोकांना वाटायचं बाळ आहे. वाकून बघायचे, आणि आतून काळं नाक बाहेर यायचं.

आता खाण्याचं.

घरात सासूबाई. त्यांच्या लहानपणी घरात कुत्रा असायचाच, आणि तो दूध-पोळीवर वाढायचा. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी वाटीत दूध-पोळी कुस्करली. मी म्हटलं, आई, दूध नको. आईचं दूध सुटल्यावर पिल्लाला गाईचं दूध पचवायला जड जातं, पोट बिघडतं, आणि एवढ्याशा जिवाचं पोट बिघडलं की अंगातलं पाणी भराभर जातं. त्या म्हणाल्या, "आमचा मोत्या चौदा वर्षं जगला हो दूध-पोळीवर." याला उत्तर नसतं. मोत्या दूध-पोळीशिवाय दिवसभर गावात काय काय खाऊन येत होता, हे त्याला एकट्यालाच माहीत.

पण मुद्दा फक्त दुधाचा नाही. वाढत्या पिल्लाच्या खाण्यात कोरड्या वजनावर, म्हणजे पाणी वगळून, मोजलं तर प्रथिनं निदान साडेबावीस टक्के लागतात. गव्हाच्या पिठात ती अकरा-बारा टक्के, आणि भात त्याहून खाली. म्हणजे पोळीनं पोट भरतं, बांधा भरत नाही. मग लोक दुसऱ्या टोकाला जातात: नुसतं उकडलेलं चिकन आणि भात. दिसायला राजेशाही, पण मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाही. पिल्लाला कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा थोडं जास्तच लागतं, साधारण सव्वाला एक या प्रमाणात. ते चुकलं की हाडं ठिसूळ राहतात, पाय वाकतात. यावर शेजारच्या काकूंचा उपाय नाचणी. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं हे खरं, आणि माणसांच्या खाण्यात ते मोठं आहे, पण पिल्लाची गरज त्याच्या कितीतरी पुढं जाते. उलट्या बाजूनं, दुकानदार कॅल्शियमच्या बाटल्या हातात ठेवतात. तयार खाद्य चालू असताना वरून बाटली ओतणं मोठ्या जातींच्या पिल्लांना तर घातकच असतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती बाटली उघडू नये.

आम्ही ठरवलं ते असं: पाया तयार खाद्याचा, पिल्लांसाठीचा, कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवलेला. त्यावर घरचं थोडंसं. ते थोडंसं म्हणजे दिवसाच्या एकूण उष्मांकातला फार तर दहावा भाग, कारण त्याहून वाढलं की पाकिटावर लिहिलेल्या समतोलाला अर्थ राहत नाही. शेतावर ती भाकरीचा चुरा खायची, म्हणून पहिल्या दिवशीच बदललं नाही, आठवडाभर जुनं कमी आणि नवं जास्त करत नेलं. सुरुवातीला दिवसातून चार वेळा, तीन महिन्यांनंतर तीन वेळा, सहा महिन्यांनंतर दोन वेळा. खाऊन झालं की पंधरा-वीस मिनिटांत खाली न्यायचं. जेवणाची वेळ पक्की असली की शीची वेळ आपोआप पक्की होते, फरशी पुसत बसावं लागत नाही. दिवसभर वाटी भरून ठेवणाऱ्यांना हे कधीच जमत नाही.

सासूबाईंना पटलं नाही ते वेगळंच. त्यांचं म्हणणं, घरात आलेल्या जिवाला आपल्या पानातला घास न देता आपण जेवायचं कसं? दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, शेवटची पोळी कुत्र्याची असते, हे त्या ऐकत आणि करत आलेल्या. मला ते जुनाट वाटत नाही. त्यात काही चांगलंच आहे, मला फक्त पानातलं नको होतं. कारण आपल्या पानात काय असतं ते बघा. भाजीत कांदा, आमटीत लसूण, वर चिंच-गूळ.

कांद्यातली गंधकयुक्त द्रव्यं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. कच्चा असो, परतलेला असो, वाळवून पूड केलेला असो, फरक पडत नाही. शरीराच्या वजनाच्या अर्धा टक्का कांदा एका वेळी पोटात गेला की त्रास ठरलेला. चार किलोच्या पिल्लाला वीस ग्रॅम, म्हणजे मिसळीवर भुरभुरतात तेवढा. आणि लगेच काही दिसत नाही. दोन-चार दिवसांनी हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी तपकिरी होते, तोवर कांदा कधी खाल्ला ते घरातले विसरलेले असतात. लसूण वजनाला वजन धरलं तर कांद्याहून कडक. द्राक्षाचं तर आणखी अवघड, कारण तिथं सुरक्षित प्रमाण असं काही सांगताच येत नाही. एका कुत्र्यानं मूठभर खाऊन काही होत नाही, दुसऱ्याची चार मण्यांत किडनी बसते. अमेरिकेतल्या पशुविषतज्ज्ञांनी २०२१ मध्ये यामागं टार्टारिक आम्ल असावं असं मांडलं. ते द्राक्षाच्या जातीनुसार, पिकण्यानुसार कमी-जास्त असतं, म्हणून अंदाज लागत नाही. तेच आम्ल चिंचेत भरपूर आहे. म्हणून आमटीसुद्धा नको.

भाऊजी यावर हसले. "वहिनी, आमची कुत्री बागेत लोळतात, गळलेले मणी खातात, काही होत नाही." मी त्यांना म्हटलं, होत नाही ते तुम्हाला दिसतं. एखादं कुत्रं दोन दिवस उलट्या करून शेताच्या कडेला मरून पडलं तर तुम्ही म्हणता साप चावला, नाहीतर फवारणीचं औषध लागलं. तसं कधी झालं का यावर ते जरा थांबले आणि म्हणाले, "झालंय खरं." कशानं, हे कोण सांगणार. पण तेव्हापासून पेटी आणतात ती थेट फ्रिजवर ठेवतात.

सासूबाईंशी तोडगा निघाला तो फोडणीवर. वरण शिजलं की फोडणी पडायच्या आधी एक डाव बाजूला, तो मिरीचा. लाल भोपळा उकडला की मीठ पडायच्या आधी दोन फोडी तिच्या. अंडं उकडलं तर चतकोर. दही एखादा चमचा, कारण ते दुधापेक्षा पोटाला हलकं जातं. आणि हे सगळं तिच्या स्टीलच्या वाटीत, तिच्या जागी, तिच्या वेळी. पानावरून, हातातून, टेबलाखालून काही नाही. सासूबाईंनी हे एकदा स्वतःचं मानल्यावर मग माझ्याहून कडक झाल्या. नातवानं पापडाचा तुकडा खाली टाकला तर त्याला फोडणीआधीचं आणि फोडणीनंतरचं यातला फरक समजावून सांगतात.

या नियमाचं बक्षीस मला स्वयंपाकघरात नाही, बाहेर मिळालं. लोक मला विचारतात, तुमची कुत्री हॉटेलात एवढी शांत कशी बसते, कुठला ट्रेनर? ट्रेनर नाही. तिला माणसाच्या ताटातून काही येतं हेच माहीत नाही. ज्या पिल्लाला घरी मांडीपाशी बसून पोळीचा तुकडा मिळतो, ते बाहेर प्रत्येक टेबलापाशी जाऊन मांडीवर पाय ठेवणारच. त्याची चूक काय? आपणच त्याला तसा पत्ता दिलेला असतो.

दुसरी तयारी सतरंजीची. जुन्या सतरंजीचा दोन फुटांचा तुकडा कापला. आम्ही जेवायला बसायच्या आधी मिरीचं जेवण उरकायचं, खाली नेऊन आणायचं, मग सतरंजी माझ्या खुर्चीशेजारी पसरायची आणि "जागेवर" म्हणायचं. आधी ती फक्त एक पाय ठेवायची आणि माझ्याकडे बघायची, एवढं पुरे का अशा नजरेनं. चारही पाय आले की एक दाणा. बसली की एक. हनुवटी टेकली की दोन. उठली तर रागवायचं नाही, काही बोलायचंच नाही, पुन्हा सतरंजी दाखवायची. दात येण्याच्या दिवसांत, म्हणजे चौथ्या महिन्यापासून, फ्रिजमधलं गार गाजर सतरंजीवर दिलं की ती अर्धा तास त्याच्याशीच गुंतलेली. दुधाचे २८ दात पडून ४२ यायचे असतात, हिरड्या शिवशिवतात, चावायला काहीतरी लागतंच. ते गाजर नसलं तर चप्पल.

वाटीपाशी गुरगुरू नये म्हणून खात असताना तिची वाटी काढून घ्यायची, असा सल्ला खूप जण देतात. मी उलट केलं. ती खात असताना जवळून जाताना वाटीत अंड्याचा तुकडा टाकायचा. माणूस जवळ आलं की काहीतरी वाढतं, कमी होत नाही, हे तिच्या डोक्यात बसलं. याचा उपयोग पुढं सोमेश्वरच्या धबधब्यापाशी झाला, ते सांगतेच.

हॉटेलांचं सांगायचं तर आधी कायदा, कारण दारात वाद घालणारे मी पाहिलेत आणि ते बहुतेक वेळा चुकीच्या बाजूनं भांडत असतात. घरात कुत्रा पाळायला सोसायटी मनाई करू शकत नाही, लिफ्ट बंद करू शकत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांमध्ये ते स्वच्छ आहे. पण तो हक्क जिन्यापर्यंत. खाद्यपदार्थांच्या परवान्याची २०११ ची नियमावली आहे, तिच्या चौथ्या परिशिष्टात उंदीर-कीटकांच्या बंदोबस्ताच्या कलमातच म्हटलंय की जनावरं, पक्षी, पाळीव प्राणी यांना खाद्यव्यवसायाच्या जागेत येऊ देऊ नये. तेव्हा एखादा मालक "आत नको ताई, तपासणीला येतात" म्हणतो तेव्हा तो कुत्र्यांचा द्वेष करत नसतो, परवाना सांभाळत असतो. बाहेरच्या मोकळ्या जागेत, अंगणात बसू देणं हा त्याचा भलेपणा असतो. भलेपणा हक्कानं मागता येत नाही, फोन करून विचारता येतो.

मी आधी फोन करते. दुपारी, गर्दी नसताना. "आमच्याबरोबर लहान कुत्री आहे, पट्ट्यावर असते, बाहेरच्या टेबलावर बसलो तर चालेल का?" एवढंच. कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या कॅफेंमध्ये आता हो म्हणणारे पुष्कळ आहेत. काही कार्ड बघतात, काही खुर्चीवर बसवू नका म्हणतात. मला असे नियम सांगणारी ठिकाणं जास्त आवडतात. जिथं काहीच विचारत नाहीत तिथं शेजारच्या टेबलावर एखादा मोकळा सोडलेला लॅब्रॅडॉर असतो, आणि त्याचे मालक लांबून ओरडून सांगतात, तो काही करत नाही हो.

कुत्र्यांसाठी वेगळा मेन्यू हा नवा प्रकार. एका ठिकाणी मोठ्या प्रेमानं चिकन-राइस आणला, वाटीत, वर कोथिंबिरीचं पान. मी विचारलं, नुसतं उकडलंय ना? हो म्हणाला. पाणी कशाचं? तो आत जाऊन विचारून आला: सूपचा स्टॉक. स्टॉकमध्ये काय? कांदा, लसूण, तमालपत्र, मीठ. त्या मुलाचा काही दोष नाही, त्याच्या स्वयंपाकघरात उकडणं म्हणजे तेच. वाटी परत केली, पैसे दिले. आता मिरीचे भिजवलेले दाणे घरून डब्यात जातात, पाण्याची घडीची वाटी जाते आणि सतरंजी जाते. क्रीमचा पेलासुद्धा देतात कुठं कुठं, तो फोटोसाठी ठीक आहे. कुणी कौतुकानं बिनसाखरेचं काही देऊ केलं तर मात्र हात जोडून नाही म्हणा, कारण त्यात झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी घालतात ते गोड द्रव्य, असेल तर कुत्र्याच्या रक्तातली साखर धाडकन उतरते.

"गाडीत ठेवा ना ताई, काच थोडी खाली करून" हेही ऐकावं लागतं. नाही. बाहेर २४ अंश असलं तरी बंद गाडी दहा मिनिटांत ३४ पर्यंत जाते, आणि काच चार बोटं खाली केल्यानं फारसा फरक पडत नाही. आत नेता येत नसेल तर त्या दिवशी तिथं जायचं नाही, इतकं साधं.

मिसळ हा स्वतंत्र विषय आहे. नाशिककराला मिसळ खायला मोकळं लागतं: शेड, झाडं, झोपाळे, पोरं पळतायत, बाजूला जिलेबी तळतेय. मखमलाबादकडे तर द्राक्षबागेत बसून खायची सोय. कुत्र्याला आणायला वरकरणी यापेक्षा बरी जागा नाही. पण जमिनीकडे बघा. पापडाचे तुकडे, शेव, पावाचे कोपरे, आणि सगळीकडे कांदा. बागेतल्या वेलींखाली हंगामात मणी. शिवाय प्रत्येक अशा जागेची स्वतःची दोन-तीन कुत्री असतात, ती जागा त्यांची असते, ती पिढ्यान्‌पिढ्या तिथंच उष्ट्यावर जगलेली. परकं पिल्लू आलेलं त्यांना चालत नाही, आणि का चालावं? आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा वेटरलाच विचारलं, तुमची कुत्री कुठल्या बाजूला असतात. त्यानं हसून तवंगाच्या बादलीपलीकडे बोट दाखवलं, आम्ही विरुद्ध टोकाचं टेबल घेतलं. बसायच्या आधी नवऱ्यानं टेबलाखालची जमीन बुटानं झाडून काढली. मग सतरंजी. मिरीनं हवेत नाक वर केलं, तर्रीच्या वासानं दोनदा शिंकली, आणि हनुवटी टेकली.

पलीकडच्या टेबलावर एक आजोबा सहकुटुंब. सुनेच्या चेहऱ्यावर नाराजी, मुलगा घाबरून खुर्चीवर पाय वर घेऊन बसलेला. मी उठून त्यांना म्हटलं, त्रास होत असेल तर आम्ही टेबल बदलतो. लोकांना हा प्रश्नच कुणी विचारत नाही, म्हणून ते चिडतात. आजोबा म्हणाले, "बसा हो, ती तर आमच्या नातवापेक्षा शांत आहे." नातू मात्र पाय खाली सोडेना, तर आम्ही बदललंच. घाबरणाऱ्या मुलाला ती काही करत नाही हे सांगून उपयोग नसतो, त्याला अंतर हवं असतं.

एक सांगायचं राहिलं. बागांकडच्या जागी संध्याकाळनंतर पिल्लाला नेऊ नका, नेलं तर पट्टा मनगटाला गुंडाळलेला हवा. नाशिकमध्ये बिबट्या ही काही बातमीपुरती गोष्ट नाही. गंगापूर रोडला सावरकरनगरात २०१९ च्या जानेवारीत भरवस्तीत आला होता, उसात आणि बागांत तर असतोच, आणि कुत्रा हे त्याचं नेहमीचं खाणं आहे.

सोमेश्वरचा प्रसंग पावसाळ्यातला. गोदावरीला पाणी चढलेलं, धबधबा बघायला गर्दी, ओळीनं कणसं भाजणाऱ्यांचे कोळसे. लोक कणीस खातात आणि दांडा तिथंच टाकतात. कुत्र्यासाठी हा दांडा कांद्याइतकाच वाईट, पण विषामुळं नव्हे. तो पोटात विरघळत नाही, आतड्यात बुचासारखा अडकतो आणि शस्त्रक्रियेपर्यंत प्रकरण जातं. मिरीनं चालता चालता एक उचललं. मला दिसलं तेव्हा ते आडवं तोंडात, दोन्हीकडून बाहेर, लिंबू-मीठ-तिखटाचा वास, आणि तिचे डोळे कोपऱ्यातून माझ्याकडे. ओढलं असतं तर तिनं गिळायचा प्रयत्न केला असता, किंवा पळाली असती. मी खाली बसले, खिशातला चिकनचा तुकडा तिच्या नाकाशी धरला आणि "सोड" म्हटलं. एक क्षण तिनं हिशेब केला. जबडा सैल झाला, दांडा खाली पडला, मी त्यावर पाय ठेवला आणि तुकडा दिला. मग आणखी एक. कणीस भाजणारी मावशी हे बघत होती. म्हणाली, "आमचं पोरगं पण असंच लाच घेतं." मग तिनं आपल्या गाडीभोवतालचे दांडे गोळा करून पोत्यात भरले, मी न सांगता.

सहा महिन्यांनंतर नसबंदी झाली, आणि त्यानंतर भूक तीच पण ऊर्जेचा खर्च कमी, म्हणून वाटीतलं माप पाव हिश्श्यानं उतरवावं लागलं. सासूबाईंना ते पसंत नाही. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, डोळ्यांना दिसता कामा नयेत, हे डॉक्टरांनी त्यांचाच हात मिरीच्या अंगावर ठेवून दाखवलं, तेव्हा कुठं त्या गप्प बसल्या. पावसाळ्यात गोचीड रोज बघावे लागतात, कानामागं आणि बोटांच्या बेचक्यात, कारण गोचीडतापानं चांगलं पोसलेलं कुत्रंही आडवं होतं.

आता ती वर्षाची होत आली. बुधवारी-गुरुवारी दुपारनंतर, जेव्हा अर्धी टेबलं रिकामी असतात, तेव्हा ती आमच्याबरोबर कॉलेज रोडला येते, सतरंजीवर तासभर झोपते.  रविवारी सकाळी मात्र मिसळीला तिला नेत नाही. रांग, धक्के, लहान मुलं, चार-चार टेबलं जोडून बसलेली मंडळी. तिथं तिला मजा नाही आणि आम्हालाही. एक जण जाऊन पार्सल घेऊन येतो. तोवर सासूबाई तिला जेवायला घालून खाली फिरवून आणतात, आणि पिशवी दारात वाजली की सतरंजी त्याच पसरतात.